सहांची बेरीज आणि हरवलेले तीन व्होल्ट

गोल्फ कार्ट चढावर दम टाकू लागली की संशय आधी बॅटऱ्यांवर जातो आणि त्या निर्दोष वाटल्या की सोलेनॉइडवर, म्हणजे पेडल दाबताच बॅटऱ्यांचा प्रवाह मोटरकडे सोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचवर. मीही याच क्रमाने गेलो आणि एक धडधाकट सोलेनॉइड विनाकारण बदलून बसलो. खरा दोष सापडला तो फार वेगळ्या ठिकाणी, आणि तो सापडायला साधा मल्टिमीटर पुरेसा होता. फक्त तो कधी आणि कुठे लावायचा, हे मला उशिरा कळले.

माझी कार्ट ४८ व्होल्टची आहे. तिच्यात प्रत्येकी ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. सपाट रस्त्यावर तिची काहीच तक्रार नव्हती. चढ लागला की मात्र ती मंदावत असे, आणि दोनदा तर पूर्णच बंद पडली. पाच-सात मिनिटे थांबल्यावर मात्र काही घडलेच नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू झाली.

चार्जिंग पूर्ण झाल्यावर काही तास थांबून मी सहाही बॅटऱ्यांचे एकत्रित व्होल्टेज मोजले, ते ५०.८ भरले. ८ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल असतात, म्हणजे सहांत चोवीस, आणि पूर्ण भरलेल्या सेलचे विश्रांतीतील व्होल्टेज साधारण २.१२ असते, तेव्हा आकडा अगदी योग्य होता. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनेही सर्व सेलमधील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८०च्या दरम्यान, म्हणजे पूर्ण भरल्यासारखेच, दाखवले. इथेच मी बॅटऱ्यांना निर्दोष ठरवले. निष्कर्ष बरोबर निघाला, पण विचार चुकीचा होता, कारण उभ्या गाडीवर घेतलेले हे माप भाराखाली काय होईल ते सांगत नाही. विश्रांतीत चांगले व्होल्टेज दाखवणारी बॅटरीही भार पडताच दोन व्होल्टने कोसळू शकते, आणि तसे झाले तर तिचा एक सेल गेला असल्याची दाट शक्यता असते.

मग सोलेनॉइड. किल्ली फिरवून पेडल दाबले की ‘टक्’ असा आवाज येतो, तो आत संपर्क जुळल्याचा समजला जातो. प्रत्यक्षात तो आवाज फक्त आतला दांडा हलल्याचा असतो. संपर्क जळालेले असतील तर आवाज येऊनही प्रवाह पुढे जात नाही. म्हणून पेडल दाबलेले असताना सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांमधील व्होल्टेज मोजावे लागते. ते शून्याच्या जवळ असेल तर सोलेनॉइड ठीक, आणि जवळपास पूर्ण ४८ दिसले तर संपर्क जुळतच नाही. हे एवढे एक माप मी घेतले असते तर खरेदी वाचली असती. नवा सोलेनॉइड बसवल्यावरही चढावरची रडकथा तशीच राहिली.

अखेर मी मीटर गाडीवर लावूनच चढ चढायचे ठरवले. मगरचिमट्यांच्या लांब वायरींनी मीटर बांधला, एका मित्राला चालवायला बसवले आणि आकडे टिपू लागलो. ब्रेक दाबून धरून ॲक्सिलरेटर द्यावा, म्हणजे जागेवरच भार मिळतो, असा सल्ला मला मिळाला होता. पण डीसी मोटर अडवून धरली असता कम्युटेटरच्या (फिरत्या भागाला प्रवाह पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) त्याच त्या पट्ट्यांतून मोठा प्रवाह जात राहतो आणि त्या जळू शकतात, म्हणून मी तो मानला नाही. खरा चढ हाताशी असताना मोटरला शिक्षा कशासाठी?

प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजण्यासाठी तोच चढ सहा वेळा चढावा लागला. भाराखाली प्रत्येकीने सुमारे ७.८ व्होल्ट दाखवले. त्यांची बेरीज होते ४६.८. पण पहिल्या बॅटरीच्या धन टोकापासून शेवटच्या बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एकत्र मोजले, तर आकडा होता ४३.६. सहा जणींनी मिळून दिलेले तीन व्होल्टहून अधिक वाटेतच कुठेतरी गळत होते, आणि त्या वाटेवर बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पाच केबलींखेरीज दुसरे काहीच नव्हते.

मग एकेका केबलीच्या दोन्ही टोकांना, शक्य तितके बॅटरीच्या खांबावरच, मीटर टेकवला. चार केबलींवर ०.१ व्होल्टच्या आसपास फरक होता. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीमधील केबलीवर तो २.७ होता. त्या वेळी प्रवाह डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) सुमारे १८० अँपिअर दिसत होता. म्हणजे त्या केबलीचा रोध अवघा ०.०१५ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या ओहम मापनात एवढा रोध दिसूच शकत नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध याहून अधिक असतो. मात्र याच क्षुल्लक रोधात जवळजवळ पाचशे वॉट उष्णता होत होती. चढावर गाडी बंद पडण्याचे आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होण्याचे गूढ इथे उलगडले: लग, म्हणजे केबलीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड, तापला की आतल्या तारांची पकड पूर्ण सुटत असे.

केबल काढण्यापूर्वी मी टो-रन स्विच (गाडी ओढून नेताना तिची नियंत्रण यंत्रणा बंद ठेवणारा) टोवर ठेवला, हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवले आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला पाना घेतला. चार्जिंगनंतर बॅटऱ्यांवर हायड्रोजन रेंगाळू शकतो, त्यामुळे एका ठिणगीने अनर्थ होऊ शकतो. बाहेरून केबल स्वच्छ आणि नट घट्ट होता, म्हणूनच ती इतके दिवस नजरेतून सुटली. वरचे आवरण कापल्यावर लगच्या आत हिरवट भुकटी आणि तुटलेल्या तारा निघाल्या. आम्ल केशनलिकेसारखे तारांमधून आत चढले असणार. तेवढ्याच जाडीची, चांगल्या दाबाने लग बसवलेली नवी केबल जोडली, बाकीची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडी केली आणि सगळे नट पुन्हा आवळले. सोडा बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ नये म्हणून झाकणे घट्ट लावून ठेवावीत, एवढे मात्र विसरू नये.

त्याच चढावर पुन्हा मोजले, तेव्हा त्या केबलीवर ०.१ व्होल्ट होते आणि बेरीज जवळपास जुळत होती. जुना सोलेनॉइड पुसून मी परत जागेवर बसवला. नवा कपाटात पडून आहे.