टक्केवारी कोणत्या महिन्यातली सांगू?

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, तरी लग्नकार्यात कुणीतरी गाठून विचारतंच, "सर, तुमच्या केंद्राची गुणवत्ता किती टक्के होती?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पण आधी माझा उलटा प्रश्न: कोणत्या महिन्यातली?

माझं केंद्र बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळांचा गट. मोठ्या गावात एक केंद्रशाळा, बाकीच्या वाड्या-तांड्यांवरच्या दोनशिक्षकी. एका गुरुजींकडे पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी-चौथी. त्यातले एक मीटिंगला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले की चारही वर्ग एकाच्या गळ्यात.

या शाळांत मुलं कुणाची? ज्यांना परवडतं त्यांच्या दारात तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन येते. कितीतरी घरांत मुलगा व्हॅनमध्ये आणि त्याचीच बहीण आमच्याकडे. त्यामुळे काही वर्गांत मुलीच जास्त. हे बघून एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी मुलींच्या शिक्षणात प्रगती झाली म्हणून आमचं कौतुक केलं होतं! उरलेली बहुतेक मुलं ऊसतोड मजुरांची.

शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्या दिवशी वर्ग भरलेला असतो. पण आईबापांनी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर वाडीत म्हातारीकोतारी उरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघंही पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. मूल मागे ठेवायचं तर घरात आजी पाहिजे. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे: मूल आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि शाळा व्यवस्थापन समिती दोन्ही वेळचं जेवण देते. चांगली योजना, पण मंजुरी वेळेवर आली तर. टोळी निघून गेल्यावर आलेल्या मंजुरीचा उपयोग फाइलला. शिवाय आजीचे गुडघे धड असावे लागतात. आमच्याकडे तिसरीचा पट बऱ्याचदा आजीच्या तब्येतीवर ठरायचा. आणि तान्हं भावंड असलं की त्याला सांभाळायला दहा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जाणार, हे तर ठरलेलंच.

आता परीक्षांच्या तारखा बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं १३ नोव्हेंबर २०१७ला, पुढचं १२ नोव्हेंबर २०२१ला. त्याचंच नवं रूप असलेलं परख सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ला. म्हणजे ऐन गाळपात! ही सर्वेक्षणं शाळेत बसलेल्या मुलांची. जी फडावर गेली ती त्या कागदात नाहीतच. 'असर' हे 'प्रथम' संस्थेचं सर्वेक्षण, ते करणारे घरोघर जातात, ही त्यांची पद्धत मला जास्त पटते. पण घराला कुलूप असेल तर तेही पुढच्या घरी जाणार. पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मुलं परत येतात आणि एप्रिलात संकलित चाचणी दोनला, म्हणजे वर्षअखेरच्या परीक्षेला बसतात. टनाचा भाव, उचलीतले किती फिटले, हे सगळं तोंडी सांगतील. भागाकार मांडा म्हटलं की पेन्सिल चावत बसतील. वर्गात चार मुलं असली तर एकाच्या येण्याजाण्याने निकाल पंचवीस टक्क्यांनी हलतो. तो आकडा मग राज्याच्या तक्त्यात जातो, तिथे त्याचा रंग ठरतो आणि त्या रंगावरून आम्हाला नोटिसा.

म्हणजे शिक्षकांचा काहीच दोष नाही, असं म्हणतोय असं समजू नका. 'साहेब, स्थलांतर आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातलं खरं किती आणि पांघरूण किती, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. शेजारशेजारच्या दोन वाड्या, दोन्हीकडे सारखीच ऊसतोड. एकीकडची तिसरीची पोरं घडाघडा वाचायची, दुसरीकडे काना-मात्रा लावत अडायची. फरक एवढाच होता की पहिल्या वाडीतल्या बाई जून ते दसरा हेच आपलं वर्ष धरायच्या. पाठ्यपुस्तक वेळापत्रकाने चालायचं तसं चालू दे, वाचन दसऱ्याच्या आत. मूल वाचायला शिकून फडावर गेलं तर परत येईपर्यंत वाचन टिकतं. अर्धवट अक्षरओळख टिकत नाही. प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तिकेत मला हे सापडलं नाही, त्या बाईंनी ते वाडीत राहून ओळखलं. त्यांची बदली झाली आणि दोन वर्षांत तो वर्गही शेजारच्यासारखा झाला.

लहान शाळा बंद कराव्यात का, हाही प्रश्न याच्याच मागून येतो. २०२३मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करून मुलांना गाडीने एका मोठ्या शाळेत नेण्याचा विषय निघाला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुलं, असे आकडे पुढे आले. शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं. नमुना म्हणून पुण्याचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवलं गेलं. जास्त मुलं, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, हे सगळं मलाही हवंच आहे. पण आमच्या वाडीतलं मूल आजीच्या भरवशावर मागे राहिलेलं असतं. शाळा दारात आहे म्हणून आजी 'ठेव माझ्याकडं' म्हणते. गाडीपर्यंत सोडायला-आणायला लागलं तर ती 'नको बाई, घेऊन जा' म्हणेल आणि ते मूल कोपीवर जाईल. गाडीचा खर्च तेवढा हिशेबात येतो, हे येत नाही.

तेव्हा टक्केवारी जुलैची वेगळी, डिसेंबरची वेगळी, एप्रिलची वेगळी, आणि तिन्ही खऱ्या. तुम्हाला शाळा खरंच पाहायची असेल तर जानेवारीत, न कळवता जा. फलकावर लिहिलेला पट सोडा, हजेरी मागा. सप्टेंबरातली किती मुलं समोर बसलीत ते मोजा, त्यांत मुली किती ते मोजा. मग तिसरीतल्या एखाद्याच्या हातात दुसरीचं पुस्तक द्या. फक्त गुरुजी ज्याला पुढे ढकलतील त्याच्या हातात देऊ नका.