ऑलिंपियाचे सोळा रिकामे चौथरे

अथेन्सच्या किफिसोस स्थानकातून सुटलेली बस तासाभराने कोरिंथचा कालवा ओलांडते. पुलावर फार तर पाच-सहा सेकंद मिळतात, तेवढ्यात खिडकीतून खाली बघायचं. दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि तळाशी निळ्या पाण्याची पट्टी. हा कालवा १८९३मध्ये पुरा झाला. खणायला सुरुवात मात्र रोमन सम्राट नीरोने केली होती, इ.स. ६७मध्ये. त्याच दौऱ्यात नीरो ऑलिंपियालाही गेला. त्याच्या सोयीसाठी ६५चे खेळ दोन वर्षं पुढे ढकलण्यात आले. तिथे तो दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला, रथातून पडला, शर्यत पुरी करू शकला नाही आणि तरीही विजेता ठरला. तो मेल्यावर तो निकाल रद्द झाला म्हणे. आयोजकांचा कणा कधी कधी उशिरा ताठ होतो.

मी ऑलिंपियाला निघाले ती एक प्रश्न मनात घेऊन. ऑलिंपिकमधलं 'प्राचीन परंपरा' म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं खरोखर जुनं किती? मशाल, पाच वर्तुळं, सोन्या-चांदीची पदकं, मॅरेथॉन. यातलं काहीही ऑलिंपियात नव्हतं, एवढं वाचून ठाऊक होतं. मग होतं काय?

पायर्गोसला बस बदलून ऑलिंपियाला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या डहाळ्यांचे मुकुट विकणारी दुकानं. गावाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. सकाळी आठला दार उघडतं, त्याआधीच मी क्लादिओस नदीवरचा छोटा पूल ओलांडून रांगेत उभी होते.

एप्रिलमध्ये हा परिसर इतका हिरवा असतो की हे भग्नावशेष आहेत हे विसरायला होतं. पडक्या भिंतींमध्ये गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं, वर क्रोनोस टेकडी. झ्यूसच्या मंदिराचे खांब भूकंपात आडवे झाले, सहाव्या शतकात, आणि पडले तसेच पडून आहेत. माझ्या खांद्याच्याही वर जातील अशा दगडी चकत्या एकापुढे एक. एकच खांब २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने पुन्हा उभा केलाय. नद्यांच्या गाळाखाली हे सगळं शतकानुशतकं गाडलं गेलं होतं. १८२९मध्ये फ्रेंचांनी थोडं खणलं आणि मंदिरावरची काही शिल्पं पॅरिसला नेली. ती आजही लूव्रमध्ये आहेत. पद्धतशीर उत्खनन जर्मनांनी १८७५मध्ये सुरू केलं. करार असा होता की सापडेल ते ग्रीसमध्येच राहील. म्हणून इथलं संग्रहालय इतकं भरलेलं आहे.

मुळात ही झ्यूसची जत्रा. खेळ हा तिचा एक भाग. तिसऱ्या दिवशी शंभर बैलांचा बळी हाही तेवढाच महत्त्वाचा भाग. परंपरेने इ.स.पू. ७७६ हे पहिलं वर्ष मानतात. त्या वर्षी एकच शर्यत होती, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ती जिंकली खेळ भरवणाऱ्या एलिस राज्याच्या कोरॉयबोसने. तो आचारी होता. पुढे दुहेरी धाव, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती असं एकेक वाढत गेलं. ग्रीक जगात असे चार मोठे मेळे होते: ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया आणि कोरिंथजवळचं इस्थमिया. सिसिलीपासून काळ्या समुद्राच्या काठापर्यंत पसरलेल्या ग्रीक नगरराज्यांतून खेळाडू यायचे. ही राज्यं एकमेकांशी लढत असायची, तेव्हा या स्पर्धांना आंतरराष्ट्रीय म्हणायला माझी हरकत नाही.

आणि खेळांच्या काळातला तो शांततेचा करार? तोही आपण जरा गोड करून सांगतो. युद्धं थांबत नसत. यात्रेकरूंना आणि खेळाडूंना वाटेत कुणी हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. इ.स.पू. ४२०मध्ये करार मोडल्याचा ठपका ठेवून स्पार्टाला दंड झाला. स्पार्टाने तो भरला नाही, म्हणून त्यांच्यावर बंदी आली. इ.स.पू. ३६४मध्ये तर खेळ चालू असतानाच या पवित्र आवारात एलिस आणि आर्केडियाच्या फौजा भिडल्या.

आता मैदानाकडे. वाटेत डाव्या हाताला, टेकडीच्या पायथ्याशी, दगडी चौथऱ्यांची एक रांग लागते. सोळा चौथरे, सगळे रिकामे. माझ्या पुढचा गट त्यांच्याकडे न बघता सरळ बोगद्याकडे गेला. मी मात्र इथे सगळ्यात जास्त वेळ काढला. या चौथऱ्यांवर एके काळी झ्यूसचे कांस्य पुतळे होते आणि ते लबाडी करणाऱ्यांकडून वसूल केलेल्या दंडातून घडवले होते. पहिले सहा इ.स.पू. ३८८चे. थेसलीच्या युपोलोस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते, त्यातला एक आधीच्या खेळांचा विजेता. दंड फक्त देणाऱ्याला नाही, घेणाऱ्यांनाही झाला. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियस इथे आला तेव्हा पुतळ्यांखालचे लेख शाबूत होते; ऑलिंपियातला विजय पैशाने नव्हे, पायांच्या वेगाने आणि शरीराच्या बळाने मिळवायचा, असा त्यातल्या एकाचा आशय त्याने नोंदवलाय.

जागा बघा कशी निवडलीय. मैदानात शिरण्याच्या अगदी आधी. प्रत्येक खेळाडूला या रांगेसमोरूनच जावं लागायचं.

यातला माझा आवडता किस्सा अथेन्सच्या कालिपॉसचा. इ.स.पू. ३३२मध्ये त्याने पाच खेळांच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी विकत घेतले आणि पकडला गेला. अथेन्सने काय करावं? दंड माफ करून घ्यायला हायपराइडीस नावाचा आपला नामांकित वक्ता पाठवला. एलिसवाले बधले नाहीत. मग अथेन्सने पैसे द्यायला नकार देऊन खेळांवर बहिष्कार टाकला. शेवटी डेल्फीच्या देवळाने सांगितलं की दंड भरल्याशिवाय तुम्हाला कौल मिळणार नाही. तेव्हा कुठे पैसे आले आणि आणखी सहा पुतळे उभे राहिले. वकील, बहिष्कार, वरच्या दरबारातून दडपण. आजच्या क्रीडा लवादात याहून वेगळं काय चालतं?

दंड झालेल्यांच्या यादीत अलेक्झांड्रियाचा सरापिओनही आहे. त्याने कुणाला पैसे दिले नव्हते. प्रतिस्पर्ध्यांना घाबरून तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी पळून गेला. भित्रेपणासाठी दंड झालेला तो एकटाच, असं पाउसानियस म्हणतो. मला त्याची दया आली. त्याचा खेळ पँक्रेशन, म्हणजे कुस्ती आणि मुष्टियुद्धाची सरमिसळ; त्या मारामारीत चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं सोडून जवळपास सगळं चालायचं.

कमानीच्या बोगद्यातून मैदानात आलं की आधी थोडी निराशाच होते. आसनं नाहीत, संगमरवर नाही. मातीची लांबलचक पट्टी आणि दोन्हीकडे गवताचे उतार. प्रेक्षक मातीवरच बसायचे, चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं, भर उन्हाळ्यात. धावपट्टी १९२.२७ मीटर लांब. दोन्ही टोकांना जमिनीत बसवलेल्या दगडी पट्ट्या आहेत आणि त्यात दोन समांतर खाचा. पायाची बोटं त्या खाचांत अडकवून, उभ्यानेच, हात पुढे करून धावक सुटायचे. मी बूट काढून बोटं ठेवून पाहिली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. ती माझ्यासाठी नव्हती, दगडावर चढलेल्या एका मुलासाठी होती. तेवढ्यात मी पळून घेतलं. शेवटपर्यंत गेले, एवढंच सांगते.

उत्तरेच्या उतारावर एक दगडी बैठक आहे. ती देमीतर देवीच्या पुजारिणीची. विवाहित स्त्रियांना खेळ पाहायलाही बंदी होती, अपवाद फक्त हिचा. रथाच्या शर्यतीत मात्र विजेता म्हणजे हाकणारा नव्हे, घोड्यांचा मालक. या फटीतून स्पार्टाची राजकन्या किनिस्का आत शिरली: इ.स.पू. ३९६मध्ये तिचे घोडे जिंकले आणि स्त्री ऑलिंपिक विजेती ठरली. मैदानात तिने पाऊल ठेवलं असण्याची शक्यता कमीच.

ऑलिंपिकसाठी बायका या मैदानात उतरल्या त्या थेट २००४मध्ये. अथेन्स ऑलिंपिकची गोळाफेक मुद्दाम या मैदानावर घेतली, प्रेक्षक पूर्वीसारखे गवतावर. मोठा भावूक प्रसंग झाला. मग स्त्रियांच्या गटातली विजेती, रशियाची इरिना कोर्झानेन्को, उत्तेजक द्रव्य चाचणीत सापडली आणि सुवर्ण क्युबाच्या युमिलेदी कुंबाकडे गेलं. पुरुषांतला विजेता, युक्रेनचा युरी बिलोनोह, आठ वर्षांनी जुन्या नमुन्याच्या फेरतपासणीत सापडला. अमेरिकेच्या अ‍ॅडम नेल्सनला त्याचं सुवर्णपदक मिळालं २०१३मध्ये, अटलांटाच्या विमानतळावर, खाद्यपदार्थांच्या दुकानांपाशी. त्या रांगेत आणखी दोन चौथऱ्यांना जागा आहे का, हे मी परतताना पाहिलं. आहे.

हेराच्या देवळासमोर, जिथे अंतर्वक्र आरशाने ज्योत पेटवतात, सगळ्यात जास्त गर्दी होती. पुरातन वाटावा असाच तो सोहळा रचलाय, पण ज्योत दौडत यजमान शहरापर्यंत न्यायची पद्धत १९३६ची, नाझींच्या बर्लिन ऑलिंपिकची. संग्रहालयात मात्र खऱ्या जुन्या गोष्टी भेटतात. बायबोन नावाच्या माणसाने एका हाताने डोक्यावरून फेकल्याचा दावा कोरलेला १४३.५ किलोचा दगड (फुशारकीही प्राचीन आहे तर), आणि एक हिरवट पडलेलं शिरस्त्राण, ज्यावर मिल्टियाडीसने ते झ्यूसला वाहिल्याचं कोरलंय. मॅरेथॉनच्या लढाईतला सेनापती तो हाच.

मॅरेथॉनच्या शर्यतीचा ऑलिंपियाशी संबंध जोडायचा तर या शिरस्त्राणापुरताच. शर्यतीची कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची, १८९४ सालची. ती पाहायला अथेन्सलाच परत यावं लागतं, कालिमार्मारो स्टेडियममध्ये.

हे स्टेडियम पांढऱ्याशुभ्र पेंतेली संगमरवराचं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं. आधुनिक ऑलिंपिकची सुरुवात मानले जाणारे १८९६चे खेळ इथे झाले. श्रेय सगळं बॅरन पिएर द कूबेर्तांला जातं, आणि त्याचं हृदय ऑलिंपियात एका स्तंभात जपलंय. पण त्याच्या आधी एव्हांगेलिस झापास या धनाढ्य ग्रीकाच्या पैशावर अथेन्सने १८५९, १८७० आणि १८७५मध्ये ऑलिंपिक भरवून पाहिले होते. त्याच्या नावाची झापिओन ही इमारत स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८९६ची तलवारबाजी तिथे झाली आणि तिच्या भिंतीत खुद्द झापासचं शिर बसवलंय. हृदय एकाचं, शिर दुसऱ्याचं. पाहुण्यांना फक्त हृदय दाखवतात.

ग्रीस सरकार १८९३मध्ये दिवाळखोर झालं होतं. संगमरवराचा खर्च उचलला अलेक्झांड्रियाच्या जॉर्जियोस आवेरोफ या व्यापाऱ्याने, म्हणून दाराशी पुतळा त्याचा. खेळ नेहमी कुणाच्या तरी थैलीतून होतात. १९५२च्या हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांना वर्गणी मागावी लागली होती, ते इथे पायऱ्यांवर बसल्यावर आठवलंच.

या धावपट्टीची वळणं इतकी अरुंद आहेत की कुणाचाही वेग मोडावा. पण १० एप्रिल १८९६ला मॅरेथॉनचा विजेता आत शिरला तेव्हा त्याच्याबरोबर ग्रीसचे दोन राजपुत्र धावले. मारुसीचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस, वेळ २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद. अंतर तेव्हा सुमारे ४० किलोमीटर, ४२.१९५चा आकडा १९०८च्या लंडनचा. लुईसला मिळालं रौप्यपदक, कारण पहिल्याला चांदीच देत. सोनं-चांदी-कांस्य ही उतरंड १९०४पासूनची. तिसरा आलेला स्पिरिडॉन बेलोकास वाटेत घोडागाडीत बसला होता, हे उघड झालं आणि तो बाद ठरला. स्टामाता रेविथी नावाच्या बाईला शर्यतीत घेतलं नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी एकटीच ते अंतर धावली, साडेपाच तासांच्या आसपास. स्टेडियममध्ये तिला येऊ दिलं नाही. आता तिकीट काढणाऱ्या कुणालाही या पट्टीवर पळता येतं, शिवाय फोटोसाठी विजयमंचही ठेवलाय. त्यावर चढायला रांग होती. मी लावली नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: ऑलिंपियाला मुक्काम कराच. जवळच्या काताकोलो बंदरात क्रूझ जहाजं लागली की दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि परतताना जमल्यास नेमियाला उतरा, मला ते जमलं नाही. तिथल्या बोगद्याच्या भिंतींवर प्राचीन खेळाडूंनी खरडलेली नावं आहेत. १९९६पासून दर काही वर्षांनी तिथे हौशी लोकांसाठी खेळ भरतात. पात्रता लागत नाही, वयाचं बंधन नाही, बायका-पुरुष सगळे अंगरखा घालून अनवाणी धावतात. पुढच्या खेपेची तारीख जाहीर झाली की मी नाव देणार आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा.