तू म्हणतेस तर

आज दुपारी कूलर सुरू असताना आईने आपणहून खिडकी उघडली. चार दिवस मी हेच सांगत होते. तरी तेव्हापासून काहीतरी खुपतंय.

मोठेबाबांचा हुकूम ठरलेला: कूलर सुरू की दारं-खिडक्या बंद. "काहून उघडते? लू येते ना आत." एसीला ते लागू आहे, तो आतलीच हवा फिरवतो. खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला कूलर बाहेरची हवा बाजूंच्या ओल्या ताट्यांतून, म्हणजे पॅडमधून, ओढून आत ढकलतो. जेवढी आली तेवढी निघायला वाट हवी. वाट नसली की पंखा नुसता घुमतो, हवा कमी येते आणि खोलीत दमट कोंडतं.

तोंडी सांगून कोण ऐकणार? म्हणून बर्डीच्या बाजारातून प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर आणले. आधी दोन्ही शेजारी टांगले. एक अर्धा अंश जास्त दाखवत होता, तेवढा वजा धरला. मग एकाच्या पाऱ्याच्या फुग्यावर धुतलेल्या सुती कापडाची वात, टोक पाण्याच्या वाटीत. बोअरचं पाणी नको. क्षार धरले की वात कडक होते, पाणी चढत नाही. पुठ्ठ्याने वारा घालायचा, पारा उतरायचा थांबला की वाचायचं. परवा अडीच वाजता गॅलरीतल्या सावलीत कोरडा ४३.५, ओला २४. पाणी वाफ होऊन हवा जास्तीत जास्त तेवढीच गार होते, म्हणून साधा कूलर कितीही भारी असला तरी त्या २४ च्या खाली हवा नेऊ शकत नाही. आमचा तोंडाशी २९ देत होता. एक ताटी वरून कोरडीच दिसली. तिच्यावरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली होती. टाचणीने मोकळी केली, २८ वर आला.

सगळं बंद ठेवून अर्ध्या तासाने पलंगाजवळ ३४. समोरची खिडकी वीतभर उघडल्यावर ३१. कूलरच्या तोंडाशी मात्र दोन्ही वेळा तोच आकडा, त्यामुळे पहिल्या दिवशी मीच गोंधळले. थंडावा तेवढाच, पण बंद खोलीत हवाच कमी येत होती. खिडकीच्या फटीशी पेपरची पट्टी धरली तर ती बाहेरच्या बाजूला फडफडली. लू कुठून येणार?

टाकीत बर्फ टाकण्याचंही असंच. किलोभर बर्फ वितळून कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी पाव लिटरपेक्षाही कमी पाणी वाफ होताना घेऊन जातं. आणि कूलर तर दिवसभरात बादल्या रिचवतो. हे बोललेच नाही. एका उन्हाळ्यात एक भांडण पुरे.

वही मोठेबाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "चाळीस वर्षं झाली मला कूलर बसवून." बुद्धाने कालाम लोकांना केलेला उपदेश बुद्धपौर्णिमेला हेच वाचतात: परंपरेने आलं म्हणून मानू नका, आपले गुरू सांगतात म्हणून मानू नका. खड्या आवाजात, फार छान वाचतात. मला रडूच यायचं बाकी होतं. या घरात माझं वय कधी वाढणार, आणि शिक्षणाचं तर... जाऊ दे.

आणि आज आई. कडी काढताना म्हणाली, "तू म्हणतेस तर असेल बापा." थर्मामीटर तिच्या डोक्याजवळच खिळ्याला. मान जरा वर केली असती तर दिसलं असतं. चार दिवसांची मांडामांड, आणि शेवटी मोठेबाबांच्या खुर्चीत त्यांच्याऐवजी मी. हसू आलं. खुर्ची मऊ आहे, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी वाटी पाहिली तर ठणठणीत कोरडी. वात वाळून कडक झालेली, दोन्ही पारे जवळजवळ एकाच रेषेला. कधीपासून, कोण जाणे. सकाळचा आकडा मी वहीत उतरवला होता, वात न बघता.