जर्मनीत घर सोडताना: अनामत रक्कम परत मिळवण्याविषयी

सांगलीत भाड्याचे घर सोडताना शेवटच्या एक-दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे आणि उरलेले पैसे किल्ली देताना मोजून घ्यायचे, ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की जर्मनीत येणारी आपल्याकडची मुले तीच इथेही चालेल असे धरून चालतात. ती चालत नाही. इथली अनामत घर रिकामे झाल्यानंतरच्या हिशेबासाठी असते, त्यामुळे शेवटचे भाडे थांबवले तर ती सरळ थकबाकी ठरते.

जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 551 नुसार तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापेक्षा, म्हणजे हीटिंग, पाणी आणि इमारतीचा सामायिक खर्च वगळून उरणाऱ्या भाड्यापेक्षा, जास्त अनामत घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला असतो. घरमालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते व तिच्यावरचे व्याजही भाडेकरूचेच असते. विद्यार्थी वसतिगृहांवर मात्र व्याज देण्याचे बंधन नाही.

खरी परीक्षा असते ती वाट पाहण्याची. परतफेडीसाठी कायद्याने नेमकी मुदत घातलेली नाही. घर तपासून हिशेब करण्यासाठी तीन ते सहा महिने सामान्यतः रास्त समजले जातात. माझे वडील सांगलीच्या विश्रामबागेतून दर आठवड्याला विचारत आणि ‘अजून दिले नाहीत म्हणजे बुडाले समज’ असा निकालही देऊन टाकत. पण हीटिंग आणि पाण्याचा हिशेब इथे वर्षाचा एकत्र होतो आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो द्यायचा असतो. त्यामुळे हिशेबाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल आणि मे 2024 मध्ये घर सोडले असेल, तर त्या वर्षाचा हिशेब 31 डिसेंबर 2025 पर्यंत येऊ शकतो. संभाव्य थकबाकीपुरता वाजवी भाग तोवर राखून ठेवता येतो. संपूर्ण रक्कम अडवून धरणे मात्र योग्य नव्हे.

कपातीचे वाद बहुतेक वेळा भिंतीवरून आणि फरशीवरून होतात. नेहमीच्या वापराने होणारी झीज कलम 538 प्रमाणे भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, परंतु झीज कोणती आणि नुकसान कोणते हे ठरवताना प्रवेशाच्या दिवशीचे ताबापत्रक, म्हणजे ताबा घेताना घराची स्थिती नोंदवलेला सहीचा कागद, निर्णायक ठरते. माझ्या घरमालकाने लाकडी फरशीवरच्या एका लांब ओरखड्याचे पैसे मागितले होते. तो ओरखडा त्याच्याच सहीच्या जुन्या ताबापत्रकात नोंदलेला दाखवल्यावर ती मागणी पुढच्या पत्रात नव्हती. नुकसान खरोखर भाडेकरूकडून झालेले असले, तरी जुन्या वस्तूच्या बदल्यात नव्याची पूर्ण किंमत लावता येत नाही, तिचे वय धरून रक्कम कमी करावी लागते. (सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण स्वयंपाकघराच्या पांढऱ्या ओट्यावर पडलेला तिचा डाग झीज म्हणून खपवणे अवघड आहे.)

बुरशीचा प्रश्न सर्वांत चिवट असतो. 2019 च्या पुरानंतर कित्येक महिने भिंतींची ओल पाहिलेल्या सांगलीकरांना बुरशी ओळखायला शिकवावे लागत नाही, पण इथे ती हिवाळ्यात बंद खिडक्यांमागे कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांमुळेही धरते, आणि मग ‘तुम्ही घर हवेशीर ठेवले नाही’ असा ठपका येतो. म्हणून दिवसातून काही वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात आणि डाग दिसताच फोटोसह घरमालकाला लेखी कळवावे, कारण डाग दिसूनही कळवला नाही तर त्यातून वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी भाडेकरूवर येऊ शकते.

घरमालकाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी घर परत मिळाल्यापासून सहा महिन्यांची मर्यादा आहे. मात्र मुदत टळलेली मागणीही अनामतीतून वळती करता येऊ शकते, असे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे सहा महिने उलटले म्हणून फोटो व कागद टाकून देऊ नयेत.

मायदेशी परतणाऱ्यांनी जर्मन बँक खाते लगेच बंद करू नये आणि ताबा देतानाच खाते क्रमांक व सांगलीचा पत्ता लेखी द्यावा. पैसे आले नाहीत तर मुदत घालून पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवावे आणि तरीही उत्तर न आल्यास भाडेकरू संघटनेचा सल्ला घ्यावा. वार्षिक वर्गणी भरून तिचे सभासद होता येते. अनामत परत मागण्याचा भाडेकरूचा हक्क ती देय झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षे टिकतो, तेव्हा हे पत्र सांगलीहून लिहिले तरी चालते.