शून्य कुठे मानायचं?

नेटवर्क थिअरीचा पेपर आला की सर्किट कुठल्या पद्धतीने सोडवायचं यावरून डिप्लोमाच्या पोरांचे दोन पक्ष पडतात, मेशवाले आणि नोडवाले. मी पक्का नोडवाला. मेशमध्ये प्रत्येक चौकटीत गोल फिरणारा बाण काढा, मधल्या रेझिस्टरमधून दोन प्रवाह समोरासमोर आले की अधिक-उणे सांभाळा. त्यात तारा एकमेकींवरून गेल्याशिवाय कागदावर मांडताच येत नाही असं सर्किट आलं, की मेशचं दुकान बंद. नोडला त्याचं सोयरसुतक नाही.

सध्या भाचीला हे शिकवतोय. नोड म्हणजे तारा जिथे एकत्र जुळतात तो बिंदू. एक नोड निवडून त्याला शून्य व्होल्ट म्हणायचं (हाच ग्राउंड), उरलेल्या प्रत्येक नोडवर किरचॉफचा प्रवाहाचा नियम लावायचा, म्हणजे जेवढा प्रवाह आत तेवढाच बाहेर, संपलं. (हा नियम गुस्टाव किरचॉफने १८४५ साली मांडला तेव्हा तो स्वतःच विद्यार्थी होता. आपण त्या वयात जर्नलं कॉपी करत होतो.)

"पण मामा, शून्य कुठला ते ठरवतं कोण?"

"तूच."

तिला पटेना. शून्य आपल्या मर्जीवर असेल तर उत्तरही मर्जीचं येईल, हा तिचा मुद्दा. मग कळसूबाई काढली. शिखर १६४६ मीटर, ते समुद्रसपाटीपासून. बारी गावाला शून्य धरलं तर आकडा कमी होईल, पण गावातून चढणाऱ्याची दमछाक तेवढीच. तरीही तिने मल्टिमीटर आणलाच. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर काळी प्रोब ऋण टोकाला, लाल धन टोकाला: ९. प्रोबांची अदलाबदल केली: उणे ९. काळी प्रोब जिथे टेकते तिथे शून्य. आता तिचा चेहरा जरा सैल झाला.

मग गणित. १२ व्होल्टचा सप्लाय, त्यापुढे २ किलोओहमचा रेझिस्टर, मग नोड, आणि नोडपासून ग्राउंडला ३ आणि ६ किलोओहमचे दोन. नोडचं व्होल्टेज 'व' धरलं. प्रवाहाच्या दिशेचा अंदाज बांधत बसायचं नाही, सगळे नोडमधून बाहेरच चाललेत असं धरायचं. (व वजा १२) भागिले २, अधिक व भागिले ३, अधिक व भागिले ६, बेरीज शून्य. व आला ६. खाली २ आणि १ मिलिअँपिअर जातात, आणि सप्लायच्या बाजूचा प्रवाह येतो उणे ३. म्हणजे तो बाहेर जात नाही, आत येतोय. ते चिन्ह आपण ठरवलेलं नाही, समीकरणानेच सांगितलं. या पद्धतीत मला सगळ्यात आवडतो तो हा उणे.

एवढं सर्किट सिरीज-पॅरललनेही सुटतं. समतोल नसलेला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार रेझिस्टरांची चौकट आणि मधे आडवा पाचवा, सुटत नाही, मधला रेझिस्टर ना सिरीजमध्ये ना पॅरललमध्ये. सप्लायचं एक टोक ग्राउंड केलं की तिथे नोडची दोनच समीकरणं लागतात, मेशची तीन.

पोरं अडकतात ती दोन नोडांमध्ये नुसतीच बॅटरी असेल तिथे. तिच्यातून किती प्रवाह जातो ते ओहमचा नियम सांगू शकत नाही. मग दोन्ही नोडांभोवती मिळून एकच रेघ मारायची आणि आतल्या सगळ्याला एकच नोड समजायचं, तो सुपरनोड. परीक्षक हाच प्रश्न का काढतात ते उघड आहे.

बर्कलीच्या विद्यापीठातून १९७३ साली बाहेर पडलेला स्पाइस हा सर्किट सोडवणारा प्रोग्रॅमही मुळात नोडचीच समीकरणं मांडतो. ग्राउंड त्याला शून्य नंबरचा नोड म्हणून द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला, तर बाकी सर्किट कितीही नेटकं असो, एरर देऊन मोकळा.