थकलेले दगड आणि आम्ही चौघं

पेरूतल्या कुस्कोला विमानातून उतरलो तेव्हा आम्ही चौघंही भलत्याच रुबाबात होतो. वीस वर्षं सह्याद्री तुडवलाय, आम्हाला उंचीचं काय! पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि कुस्को ३४०० च्या आसपास. दुपारी गाव बघायला निघालो आणि संध्याकाळी आमच्यातला सगळ्यात तगडा गडी डोकं धरून बसला. या त्रासाला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. लॉजवरच्या बाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला आणि हाताने खूण केली, खाली जा.

म्हणून दुसऱ्या दिवशी ओयांतायताम्बो, खालच्या खोऱ्यातलं गाव. कुस्कोहून तिथे जायला ‘कोलेक्तिवो’ मिळते. हे आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. दोन तासांत साधारण २८०० मीटरवर उतरलो. गड्याने खिडकीतून मान बाहेर काढून पहिल्यांदा हसून दाखवलं.

बहुतेक लोक या गावात माचू पिच्चूची गाडी पकडण्यापुरतेच थांबतात. आम्ही दोन रात्री राहिलो, त्याही नाइलाजाने, आणि तेच बरं झालं. गल्ल्या इंका काळात, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधीच्या राजवटीत आखलेल्या, काटकोनात, आणि त्यांत आजही लोक राहतात. खालचा भाग घडीव दगडांचा, वरची भिंत मातीच्या विटांची. एका अंगणाभोवती तीन-चार खोल्या, त्याला म्हणतात ‘कांचा’. दारासमोरच्या दगडी पाटातून डोंगरातलं पाणी खळाळत जातं. जुलै म्हणजे तिकडे कडक थंडी. सकाळी त्या पाण्यात हात घातला तो लगेच काढला.

गावाच्या डोक्यावर इंकांचा किल्ला आहे, त्याचं तिकीट सुटं मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा खोऱ्यातल्या चार ठिकाणांचं मिळून दोन दिवसांचं तिकीट ७० सोलचं (सोल म्हणजे तिकडचं चलन) होतं. पायऱ्या दोनशेच्या वर. आम्ही ठरवलं, पन्नास पायऱ्या झाल्या की बसायचं, मग मागून शाळेची पोरं पुढे पळाली तरी चालेल. पोरं पळालीच. वर सहा प्रचंड गुलाबी शिळा उभ्या आहेत, प्रत्येक दोन शिळांच्या मधे दगडाची बारीक पट्टी. हे सूर्यमंदिर पुरं झालंच नाही. दगड आणले नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून, म्हणजे डोंगर उतरवून, उरुबांबा नदी ओलांडून, पुन्हा चढवून. वाटेत राहून गेलेल्या शिळा अजून तशाच पडल्या आहेत. लोक त्यांना ‘पिएद्रास कान्सादास’ म्हणतात, थकलेले दगड. हे ऐकल्यावर आमच्या गड्याचं बारसं झालं ते झालंच.

खालच्या मैदानाची गोष्ट तर थेट गनिमी काव्याची. १५३७ मध्ये स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारोचे घोडेस्वार चालून आले, तेव्हा इंकांचा राजा मांको इंकाने पाट फोडून मैदानात पाणी सोडलं. चिखलात घोडे रुतले आणि स्पॅनिश फौजेला माघार घ्यावी लागली. पुढे मांको जंगलात विल्काबांबाकडे सरकला, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी समोरचा पिंकुयुना डोंगर. याला तिकीट नाही, पण वाट अरुंद आणि एका बाजूला सरळ कडा. इथे कठडा वगैरे लाड नाहीत. वर धान्याची कोठारं, गडावरच्या अंबारखान्यासारखी, फक्त कड्याला चिकटवलेली. इतक्या उंचावर का? वरचा गार वारा धान्य टिकवतो. डोंगराकडच्या खिडकीतून धान्य ओतायचं, दरीकडच्या खिडकीतून काढायचं. आम्ही तिथे बसून चीज लावलेलं मक्याचं कणीस खाल्लं. त्याचे दाणे आपल्या मक्याच्या दुप्पट.

उतरताना एका दारावर काठीला लाल प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसली. म्हणजे आत ‘चिचा’, मक्याची घरगुती दारू, मिळणार. आजीबाईंनी हा मोठा ग्लास दिला. आधी दोन थेंब जमिनीवर, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला, मग आपण. चव आंबट, आंबिलीची थेट बहीण, पण डोक्यात हळूहळू चढणारी. गड्याला मात्र आम्ही दिली नाही, तो फार चिडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाठीवर सॅक टाकून स्टेशनकडे निघालो. उतार, थंडी, पाटाचा आवाज. गडी सगळ्यांच्या पुढे होता. कोपऱ्यावर थांबून वळून ओरडला, ‘‘चला की रे, थकलेले दगड!’’