‘लॉस्ट कॉर्ड’ची तबकडी आणि ७८ चा हट्ट : माझा अनुभव

व्हिक्टोरियन काळात इंग्लंडात घरोघरी पियानोवर जी गाणी म्हटली जायची ती मला मनापासून आवडतात. त्यामुळे इथे लंडनला जुन्या बाजारात ‘द लॉस्ट कॉर्ड’ची एकाच बाजूला गाणं असलेली लाखेची तबकडी मिळाली तेव्हाच ठरवलं की ही नीट डिजिटल करायची. सख्खा भाऊ शेवटच्या आजारात असताना संगीतकार आर्थर सलिव्हनने १८७७ मध्ये बांधलेली ही चाल, आणि १८८८ मध्ये एडिसनचा फोनोग्राफ लंडनात लोकांना ऐकवला तेव्हाही हेच गाणं पियानो आणि कॉर्नेटवर वाजलं होतं. माझी तबकडी त्यानंतरची, पण मायक्रोफोन यायच्या आधीची, भोंग्यासमोर उभं राहून गायलेली.

माझ्याकडे जाड सुई नाही (एलपीची सुई या खाचेत तळाला घासते, साधारण ३ मिलची, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी तीन, लागते) म्हणून एका डिजिटायझेशनवाल्यांकडे दिली. तिथेच सगळं अडलं. त्यांच्या फॉर्मवर वेगासाठी (मिनिटाला किती फेरे) तीनच चौकोन, ३३, ४५, ७८. मी खाली पेनाने लिहिलं की वेग तपासून घ्या, तरी फाइल आली ती सरळ ७८ ची, वर हिस (मागची सुस्स खरखर) इतका काढलेला की गायक पाण्याखालून गातोय असं वाटावं. मेल केला तर उत्तर, ७८ म्हणजे ७८. अहो पण नाही ना! त्या काळात ठरलेला वेगच नव्हता, कंपन्या ७० च्या आसपासपासून ८० च्या पुढेपर्यंत कुठेही रेकॉर्ड करायच्या, ७८.२६ हा आकडा नंतर विजेच्या मोटरमुळे पक्का झाला.

वेग बदलला की सूरही बदलतो, म्हणून घरच्या पेटीवर सूर लावून बघितला तर गाणं काळी तीनमध्ये, म्हणजे एफ शार्पमध्ये! सहा शार्पच्या पट्टीत घरगुती गाणं कोण छापणार? म्हणजे एकतर खरी पट्टी पांढरी चार आणि वेग ७३.९ च्या जवळ, नाहीतर पांढरी पाच आणि वेग ८२.९. दोन्हींत छापील प्रती असू शकतात, ही गाणी वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत निघायचीच. त्यात भर म्हणजे इंग्लंडात १८९६ पर्यंत पियानो बऱ्याच ठिकाणी ए ४५२ ला (ए म्हणजे पांढरी सहा, ४५२ हर्ट्झ, आजच्या ४४० पेक्षा चढा) लावायचे, मग लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने ४३९ धरला, पण जुने पियानो काय एका दिवसात उतरले नाहीत. जुन्या सुराचा पियानो धरला तर ७३.९ चं ७५.९ होतं. विजेवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मेन्सची ५० हर्ट्झची घरघर सापडली तर तिच्यावरून वेग लावता येतो, भोंग्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तोही आधार नाही.

शेवटी मागे लागून लागून रॉ फाइल (काहीही साफसफाई न केलेली) मिळवली आणि कानानेच ठरवलं. ८२.९ ला स्वर चिरका होतो, कंप बकरीसारखा थरथरतो, आणि ७३.९ ला तोच माणूस छाती भरून गातो, ‘आ’ खरा ‘आ’ वाटतो, श्वास घ्यायला जागा मिळते. ७५.९ ला कंप पुन्हा घाईचा वाटला, म्हणून ७३.९ च ठेवला. ऐकून अक्षरशः अंगावर काटा आला आणि मी बरोबर होते याचा अभिमानही वाटला, का नाही वाटणार!

ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर ‘चेंज पिच’ नको, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारं घ्या, ७८.२६ वरून ७३.९ म्हणजे ०.९४४ पट. फाइल मागताना आधीच लिहून द्या की आरआयएए कर्व्ह (तबकडी वाजवताना खर्ज वाढवून तार कमी करणारी ठरीव दुरुस्ती) नको, तो १९५४ चा आहे, आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल वेगळे, कारण खाचेची एक भिंत बहुतेक वेळा दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. हो, तबकडी स्पिरिटने पुसू नका कधीच, लाख विरघळते, डिस्टिल्ड वॉटर पुरतं. क्लिक आधी काढा, हिस नंतर आणि थोडाच. गाण्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा सूर दोन्ही तपासा, मध्ये वेग सरकलेला असू शकतो. फाइलच्या नावात वेग लिहून ठेवा आणि रॉ फाइल डिलीट करू नका.